मुलांचे मनःस्वास्थ्य आणि शाळा

सकाळची घंटा होते, प्रार्थना संपते आणि शिक्षक हजेरीपट उघडतात. पन्नास नावे पुकारली जातात आणि "हजर" असे पन्नास आवाज येतात. त्या पन्नासांपैकी तीन-चार मुले मात्र केवळ देहाने हजर असतात. हजेरीपटात त्यांच्यासाठी निराळी खूण नाही. मूल लंगडत आले तर त्याची चौकशी होते, अंग तापलेले असेल तर त्यास घरी पाठविले जाते, फळ्यावरचे दिसत नसेल तर पालकांस चष्म्याविषयी चिठ्ठी जाते. परंतु ज्याचे मन धास्तावले आहे, खचले आहे अथवा कोठे तरी हरवले आहे, त्या मुलाची गणना सामान्यतः आळशी, हट्टी किंवा मठ्ठ यांत होते आणि तेथेच त्याचा विषय संपतो. तो तसा संपू नये यासाठी शाळेत मनाच्या दुखण्यावर मदतीची सोय का हवी, आणि सुरतसारख्या शहरात, विशेषतः तेथील मराठी वस्तीतील शाळांत, ती कशी असावी, याचा येथे विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न काही आजचा नाही. इ. स. १८९६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लायटनर विटमर या प्राध्यापकांनी मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू केले. या प्रकारचे जगातील ते पहिलेच. त्यांच्याकडे आलेला पहिला रुग्ण हा चौदा वर्षांचा एक शाळकरी मुलगा होता. इतर गोष्टींत तो बरा होता, पण शब्दांचे वर्ण लावताना त्याची सारी बुद्धी जणू गळून पडे. त्यास घेऊन आली होती ती त्याची शाळेतील शिक्षिका. मुलगा अभ्यास करीत नाही, एवढे म्हणून तिला थांबता आले असते. बुद्धी आहे, प्रयत्न आहे, तरी अडते का, असा प्रश्न तिला पडला. विटमर यांनी मुलाची कसून तपासणी केली, तेव्हा त्याच्या दृष्टीतही दोष आढळला. चिकित्सालय उघडले प्राध्यापकाने हे खरे, पण त्याचे दार ठोठावले ते एका शिक्षिकेने, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आपल्या देशात या कामाचा आरंभ मुंबईत झाला. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या टाटा समाजकार्य विद्यालयाने पुढच्याच वर्षी, म्हणजे १९३७ मध्ये, मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र काढले. या केंद्रांची रीत अशी की, डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता या तिघांनी मिळून एका मुलाचा विचार करावयाचा. डॉक्टरने शरीर पाहावे, मानसशास्त्रज्ञाने बुद्धी व भावना तपासाव्यात आणि समाजकार्यकर्त्याने घरी जाऊन परिस्थिती समजून घ्यावी. पुढे मोठ्या रुग्णालयांतून मनोविकारांचे विभाग निघाले. एक अडचण मात्र राहिली. चिकित्सालय आपल्या जागी उभे असते आणि मुलाने तेथवर जावे लागते. त्यास तेथे न्यावे हे सुचणार कोणास?

याचे उत्तर आकड्यांतूनच मिळते. २०१५-१६ मध्ये बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात गुजरातचाही समावेश होता. १३ ते १७ या वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे त्यात आढळले. पन्नास मुलांच्या वर्गाचा हिशेब मांडला तर ही संख्या तीन-चार भरते. प्रौढपणी दिसणाऱ्या मनोविकारांपैकी निम्म्यांचा आरंभ चौदाव्या वर्षापर्यंत झालेला असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चौदावे वर्ष म्हणजे आठवी-नववीची इयत्ता. या वयात मूल दिवसाचे पाच-सहा तास शाळेच्या छपराखाली असते, आणि त्याच्याच वयाची पन्नास मुले शेजारी असल्यामुळे त्याच्यातील बदल जितका शिक्षकाच्या नजरेस येतो, तितका आईबापांच्याही येत नाही. दुखणे जेथे प्रथम दिसते तेथेच त्याची पहिली विचारपूस झाली पाहिजे.

मुलाच्या मनाचा असा विचार करण्याची परंपरा गुजरातेत आहे आणि तीत मराठी माणसांचाही वाटा आहे. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढले. तेथे ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी झाल्या. मूल भीतीने शिकत नाही, ही गोष्ट त्या दोघांनी रोजच्या कामातून दाखवून दिली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९४५ पासून ताराबाईंनी बोर्डीला वनवासी मुलांसाठी काम आरंभिले. मुले शाळेपर्यंत येत नसतील तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, हा त्यांच्या कार्याचा गाभा. तीच दृष्टी मनःस्वास्थ्याच्या कामास लावावयाची आहे.

आता सुरतेकडे वळू. तापी नदी खानदेशातून वाहत सुरतेस येते, आणि तिच्यासारखाच माणसांचाही एक प्रवाह गेली कित्येक वर्षे त्या वाटेने येत आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे उधना-जळगाव लोहमार्गाने सुरतेस आली आणि लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत स्थिरावली. कोणी लूमवर लागले, कोणी डाइंगच्या कारखान्यात, कोणी कापड मार्केटमध्ये गठ्ठे वाहू लागले. या शहराने त्यांच्या मुलांसाठी मराठी शाळाही चालविल्या. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालतात. एका नगरपालिकेने सात भाषांतून मुलांस शिकवावे, ही अभिमानाची गोष्ट होय.

परंतु या वस्तीतील मुलाचे मन किती ओढाताणीत वाढते, हेही पाहिले पाहिजे. घरी अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि दुकानात गुजराती, अशा चार भाषांत त्याचा दिवस जातो. बापाची पाळी बारा तासांची, कधी दिवसाची तर कधी रात्रीची. रात्रपाळी असली म्हणजे एका खोलीच्या घरात दिवसा बाप झोपलेला असतो आणि मुलांनी आवाज करावयाचा नसतो. आई साड्यांचे धागे कापण्याचे किंवा टिकल्या चिकटविण्याचे काम घरी आणते आणि मुलेही हाताखाली बसतात. गावी लग्नसराई निघाली, कोणी आजारी पडले किंवा काम सुटले, तर वर्ष अर्ध्यावर टाकून कुटुंब गावी जाते आणि दोन महिन्यांनी परत येते. यातील प्रत्येक गोष्ट बहुतेक मुले निभावून नेतात. आईबापांच्या कष्टांचा त्यांना अभिमानही असतो. पण एखाद्याच्या वाट्यास या साऱ्यांवर आणखी एक घाव येतो, आणि मग त्याचा तोल जातो.

समजा, सातवीतील एक मुलगा आहे. गणितात चांगला, खेळात पुढे. दिवाळीनंतर तो गावाहून परतला तो बदलून. ज्या आजीने त्यास लहानाचे मोठे केले ती तेथे वारली. इकडे बापाचे काम सुटले. मुलगा मागच्या बाकावर जाऊन बसू लागला. सोमवारी त्याचे पोट दुखते, परीक्षेच्या दिवशी डोके दुखते. वहीतील अक्षर मोठे आणि वाकडे झाले. मधल्या सुट्टीत तो मैदानावर जात नाही. एके दिवशी किरकोळ कारणावरून त्याने शेजारच्या मुलाच्या अंगावर पट्टी फेकली. येथे शाळेपुढे दोन वाटा असतात. पहिली वाट ओळखीची आहे. बाकावर उभे करणे, चार शब्द सुनावणे, बापास बोलावून त्याच्यासमोर पाढा वाचणे. काम शोधत वणवण फिरणारा तो बाप तो दिवसही गमावतो, आणि घरी गेल्यावर त्याचा राग मुलाच्या पाठीवर उतरतो. मुलगा आणखी गप्प होतो. वर्षअखेर त्याचे नाव पटावरून गळते आणि तो एखाद्या कारखान्यात कामास लागलेला दिसतो.

दुसरी वाट फारशी अवघड नाही. वर्ग सुटल्यावर शिक्षकाने त्यास थांबवून घ्यावे आणि एवढेच म्हणावे, "अलीकडे तू गप्प असतोस, म्हणून विचारले. काही सांगावेसे वाटले तर सांग." पहिल्या दिवशी तो काही सांगणार नाही. चौथ्या दिवशी कदाचित सांगेल. त्याने सांगितले की उपदेश करू नये, "एवढ्याने काय होते" असे म्हणू नये, आणि ते शिक्षकांच्या खोलीतील चर्चेचा विषय तर मुळीच करू नये. नुसते कोणी ऐकून घेतले म्हणजे बरीच मुले सावरतात. दोन-तीन आठवड्यांतही फरक पडला नाही, तर ते काम शिक्षकाचे राहत नाही. तेथे शिकलेला समुपदेशक हवा. तो मुलाशी एकट्याशी बोलतो, आईबापांस भेटतो, झोप, भूक, भीती यांची माहिती घेतो आणि दुखणे औषधाचे आहे की आधाराचे, हे ठरवितो. औषधाची गरज वाटली तर सुरतेत नवी सिव्हिल आहे, महानगरपालिकेचे स्मीमेर रुग्णालय आहे. तेथील मनोविकार विभागात मुलास पाठविता येते. शिक्षक, समुपदेशक आणि डॉक्टर अशा या तीन पायऱ्या आहेत. मधली पायरी नसेल तर शिक्षकाच्या हातून मूल थेट रुग्णालयापर्यंत पोहोचणे कठीण असते, आणि बहुधा ते पोहोचतही नाही.

एका गोष्टीत मात्र शिक्षकाने दोन-तीन आठवडे थांबावयाचे नाही. "मी नसतो तर बरे झाले असते" अशा अर्थाचे काही मूल बोलले, लिहिले, किंवा आपल्या आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागले, तर त्याच दिवशी हालचाल करावी. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार मनात येतात काय, असे शांतपणे व स्पष्ट विचारल्याने ते विचार मुलाच्या डोक्यात भरतात, असा समज आहे. तो चुकीचा आहे. विचारल्याने मुलाचे ओझे हलके होते. अशा वेळी मुलास एकटे सोडू नये, आणि गुपित राखण्याचे वचन दिले असले तरी घरच्यांस व जाणकारांस कळविणे हे कर्तव्य समजावे.

समुपदेशक नेमताना भाषेचा विचार करणे अत्यंत अगत्याचे आहे. मुले आपले दुखणे ग्रंथातील शब्दांत सांगत नाहीत. जीव घाबरा होतो, काळीज धडधडते, डोके जड पडते, कशात मन लागत नाही, अशी त्यांची भाषा. मनाचे दुखणे ती शरीराच्या शब्दांत सांगतात, आणि ते ज्या बोलीत आईजवळ सांगतात त्याच बोलीत खरे सांगतात. परक्या भाषेत विचारले की मूल "ठीक आहे" म्हणून मोकळे होते. म्हणून लिंबायत-उधन्याच्या मराठी शाळांत मराठी बोलणारा आणि अहिराणी कळणारा समुपदेशक असावा, उडिया शाळांत उडिया जाणणारा असावा. सात भाषांत शिकविणाऱ्या शहरास सात भाषांत ऐकण्याची सोयही अशक्य नाही.

पालकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. मुलास समुपदेशकाकडे नेणे म्हणजे त्याच्यावर वेडेपणाचा शिक्का बसणे, अशी धास्ती पुष्कळ घरांत असते. मुलीच्या बाबतीत तर पुढे लग्न कसे होईल, ही काळजी आणखी. कित्येक आईबाप आधी देवर्षाकडे किंवा भगताकडे जातात. त्यांना हसून काही साधत नाही. तुमच्या श्रद्धेआड कोणी येत नाही, पण तापाला जसे औषध देता तसे यालाही द्या, दिवस घालवू नका, एवढे त्यांस समजावून सांगावे. भेटीची वेळ त्यांच्या पाळीकडे पाहून ठरवावी. ज्या भेटीपायी रोज बुडतो, त्या भेटीस गरीब माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

मनाची ही गरज सुरतेने फार मोठी किंमत देऊन पाहिली आहे. २४ मे २०१९ रोजी सरथाणा भागातील तक्षशिला इमारतीत आग लागून शिकवणीस आलेल्या २२ विद्यार्थ्यांचा अंत झाला. त्यानंतर शिकवणीवर्गांच्या इमारतींतील अग्निसुरक्षेची तपासणी सुरू झाली, आणि ते योग्यच झाले. परंतु जी मुले वाचली, ज्यांचे सोबती गेले, ज्यांनी ते दृश्य रस्त्यावरून अथवा मोबाइलवर पाहिले, त्यांच्या मनातील आग कोणत्या बंबाने विझावयाची? अशा प्रसंगानंतर काही मुलांना झोप लागत नाही, काही जिना चढावयास भितात, काही विनाकारण चिडतात. त्यांना घडलेले पुनःपुन्हा सांगावयास लावू नये. शाळेचा नित्यक्रम लवकर सुरू व्हावा, ओळखीचे मोठे माणूस जवळ असावे, आणि महिना उलटूनही त्रास हटत नसेल तर तज्ज्ञास दाखवावे. शाळेत आधीपासून समुपदेशक असेल तर अशा दिवशी मुलांस परक्या माणसापुढे बसावे लागत नाही.

या कामास कायद्याचाही आधार आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलास मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोहोंस मनाई केली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शासकीय सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला. २०२० मध्ये आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात सरकारी शाळांतील प्रत्येकी दोन शिक्षकांस प्रशिक्षण देण्याची योजना आली. त्यातील अकरा विषयांत भावनिक स्वास्थ्याचा विषय आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. अशा परिस्थितीत सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमावा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी कायमचे संधान ठेवावे, आणि शिक्षक व इतर कर्मचारी यांस वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे, असे त्यात सांगितले आहे. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडणे व चारचौघांत त्यांना लाजविणे यांसही न्यायालयाने हरकत घेतली आहे. तेव्हा आता प्रश्न उरतो तो अंमलबजावणीचा.

अंमलबजावणी म्हटली की अनेकांच्या कपाळी आठ्या पडतात. परंतु ती कशी करावी याचा धडा सुरतेस दुसऱ्या गावाहून आणावयास नको. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो लोक काही दिवसांतच हे शहर सोडून गेले. अस्वच्छ गाव अशी त्याची देशभर अपकीर्ती झाली. १९९५ मध्ये एस. आर. राव महानगरपालिकेचे आयुक्त झाले. त्यांनी विभागवार अधिकार वाटून दिले, आणि अधिकाऱ्यांनी वातानुकूलित खोलीतून उठून रोज सकाळी प्रत्यक्ष गल्लीत फिरावे, असा दंडक घातला. थोड्याच काळात शहराचा कायापालट झाला. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरच्या जोडीने देशात पहिला क्रमांक मिळविला. हे घडले ते रोजच्या फेरीने. प्रत्येक गल्लीस कोणी तरी जबाबदार होता आणि त्याचे काम रोज विचारले जात होते.

मुलांच्या मनासाठीही अशीच फेरी हवी. जवळजवळच्या शाळांचे गट करावेत, प्रत्येक शाळेत समुपदेशकाचा वार ठरलेला असावा, आणि तो वार परीक्षा, स्नेहसंमेलन वा निवडणुकीचे काम यांपायी चुकू नये. दारावर "मानसिक रुग्ण" अशी पाटी न लावता साधी बसण्याची खोली असावी, म्हणजे तेथे जाताना कोणास संकोच वाटणार नाही. महिनाअखेर मुख्याध्यापकांस तीन प्रश्न विचारले जावेत: किती मुलांकडे लक्ष गेले, किती मुलांशी बोलणे झाले, आणि किती मुले पुन्हा हसू-खेळू लागली. नावे गुप्त राहावीत, पण संख्या पुढे यावी.

ही सोय उभी होईपर्यंतही हात बांधून बसण्याचे कारण नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते, आणि मराठीतही बोलता येते. संकटात सापडलेल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन क्रमांक प्रत्येक शाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहून ठेवण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही आणि खडूपलीकडे खर्चही नाही.

आणि याहूनही सोपी एक गोष्ट प्रत्येक शिक्षकाच्या हाती आहे. उद्या हजेरी घेताना नाव पुकारल्यावर खाली मान घालून खूण करण्यापूर्वी क्षणभर वर पाहावे. "हजर" म्हणणाऱ्या त्या मुलाचा चेहरा काय सांगतो, तेवढे वाचावे. पन्नास चेहरे वाचावयास फार तर पाच मिनिटे अधिक लागतील. मागच्या बाकावर जाऊन बसलेले एखादे मूल त्या पाच मिनिटांची किती दिवसांपासून वाट पाहत असेल.